कोणता खडू आधी पडला?

पेस्टलचं, म्हणजे कोरड्या रंगीत खडूचं, चित्र काचेमागे असतं, आणि पणजीतल्या बहुतेक दालनांत त्या काचेत आधी दिसतो तो समोरचा दरवाजा, वरची ट्यूबलाइट आणि आपलंच तोंड. म्हणून दुसऱ्याच्या चित्रावरून शिकायचं तर पहिलं काम जागा शोधण्याचं. चित्रासमोर नाकासमोर उभं राहायचं नाही. थोडं डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचं, साधारण 45 अंशांपर्यंत, म्हणजे काचेतली खिडकी बाजूला होते आणि आतला कागद वर येतो. अंगात गडद शर्ट असला तर आणखी बरं. पांढऱ्या सदऱ्याचं प्रतिबिंब काचेवर धुक्यासारखं पसरतं आणि चित्रातल्या सावल्या आहेत त्याहून फिक्या वाटतात.

अशा तिरक्या जागेवरून एक गोष्ट फुकटात कळते. दालनातला दिवा बाजूने पडत असेल तर खडूचे थर चक्क उंचसखल दिसतात. जिथे चित्रकाराने जोर दिलाय तिथे रंगाची चढण असते, जिथे हात हलका होता तिथे कागदाच्या दाण्यांवर नुसती धूळ बसलेली असते. मग नजर खाली न्यायची, माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, आतल्या खालच्या कडेपाशी. तिथे रंगीत भुकटीची बारीक ओळ साचलेली दिसली तर शेवटचे हात फिक्सेटिव्हशिवाय, म्हणजे भुकटी धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याशिवाय, सोडलेत, असा अंदाज करायला हरकत नाही. तो धोका चित्रकार का पत्करतो, त्याकडे पुढे येऊ.

चित्र तीन अंतरांवरून बघावं. आधी लांबून, चित्राच्या कर्णाच्या तिप्पट तरी. 60 सेंटिमीटरचं चित्र असेल तर दोन-सव्वादोन मीटर. तिथून डोळे किलकिले करून फक्त काळोख आणि उजेड कुठे आहे ते पाहायचं, रंगांकडे लक्षच द्यायचं नाही. मग हातभर अंतरावर यायचं, तिथे आकारांच्या कडा कळतात: कुठली कापल्यासारखी आहे, कुठली विरघळली आहे. शेवटी वीतभर. बहुतेक लोक ह्या शेवटच्या अंतरापर्यंत येतच नाहीत, किंवा थेट तिथेच येऊन फोटो काढतात. खरी शिकवणी मात्र वीतभर अंतरावरच सुरू होते.

कारण पेस्टल काही लपवू शकत नाही. रंगद्रव्याची पूड, त्यात खडूची किंवा तत्सम पांढरी भुकटी, आणि बांधायला ट्रॅगाकांथसारख्या डिंकाचं अगदी पातळ पाणी. एवढं मळून वळ्या केल्या, वाळवल्या, की झाला खडू. त्यात तेल नाही, त्यामुळे सुकताना रंग बदलत नाही. पॅलेट नाही, त्यामुळे मिसळण हाताआड होत नाही. जे मिसळायचं ते कागदावरच, सगळ्यांच्या देखत. तैलचित्रात चित्रकाराने सातव्या दिवशी पहिल्या दिवसाचं काम पूर्ण झाकलेलं असू शकतं. पेस्टलमध्ये पहिला थर वरच्या रेघांच्या फटींतून डोकावत राहतो. कोणता खडू आधी पडला, कोणता मागाहून, हे थोड्या सरावाने वाचता येतं. दुसऱ्याच्या पेस्टलमधून शिकायचं म्हणजे माझ्या मते हा क्रम वाचायला शिकायचं. विषय, शैली, रंगसंगती हे सगळं नंतर.

(शाळेच्या दप्तरातले मेणकट खडू ते हे नव्हेत. ते ऑइल पेस्टल, म्हणजे तैलखडू. त्यात मेण आणि तेल असतं, ते बोटाला चिकटतात, आणि त्यांचे नियम वेगळे. इथे बोलणं आहे ते सॉफ्ट पेस्टलचं, हात लावला तर फळ्यावरच्या खडूसारखी भुकटी सुटणाऱ्या कोरड्या खडूचं.)

क्रम वाचायचा कसा? दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे बघायचं. वरची रेघ अखंड असते. खालची तिच्या कडेला तुटलेली दिसते, किंवा वरच्या रेघेच्या दाणेदार फटींतून तिचा रंग झिरपतो. फिक्या रेघेत गडद ठिपके दिसले तर गडद आधी पडलाय. फिक्यावर गडद ओढला की खालची भुकटी वरच्या खडूला चिकटते आणि ती रेघ दुधाळ होते. म्हणून सर्वसाधारण रीत गडदाकडून उजळाकडे आणि कडक खडूकडून मऊ खडूकडे. कडक खडूत बांधणी जास्त असते, तो कागदाचे दात, म्हणजे त्याचा खरखरीतपणा, न भरता रेघ देतो. मऊ खडू लोण्यासारखा उतरतो आणि एका हातातच खाचा भरून टाकतो. मऊ आधी लावला तर त्यावर कडक खडू घसरतो किंवा खालचा रंग खरवडून काढतो. चित्रकार हा नियम कुठे मोडतो ते सापडलं, की तिथे थांबून का मोडला असेल ते शोधायचं.

एक चित्र जवळून घेऊ. एडगर देगा ह्या फ्रेंच चित्रकाराचं, हिरव्या पोशाखातल्या गायिकेचं, 1884च्या सुमाराचं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, आकार साधारण 60 बाय 46 सेंटिमीटर. ह्या संग्रहालयाने 2017पासून आपल्याकडच्या स्वामित्वहक्कमुक्त चित्रांच्या मोठ्या प्रतिमा सगळ्यांना खुल्या केल्या, त्यामुळे म्हापशात बसूनही ते मोठं करून बघता येतं. गायिकेच्या चेहऱ्यावर उजेड खालून पडलाय, रंगमंचाच्या पुढच्या कडेला लावलेल्या दिव्यांचा. जत्रेतलं नाटक पहिल्या रांगेत बसून पाहिलेल्याला हा उजेड सांगावा लागणार नाही: हनुवटी उजळते, गळा उजळतो, भुवयांच्या वरचा भाग अंधारतो, आणि ओळखीचा माणूस अनोळखी दिसायला लागतो. नवशिक्या ह्या चेहऱ्याची नक्कल करताना कपाळ उजळ करून मोकळा होतो, कारण हाताला वरून येणाऱ्या उजेडाची सवय असते. तिथेच पहिला धडा. डोळा जे बघतो त्याऐवजी हात जे पाठ आहे ते काढतो.

दुसरा धडा कागदाचा. हे चित्र फिक्या निळ्या कागदावर आहे. कागद निळा असला की त्वचेतले नारिंगी-गुलाबी हात आपोआप तापतात, आणि त्वचेच्या सावलीत जिथे कागद उघडा सोडलाय तिथे थंड रंग फुकट मिळतो. तीच नक्कल पांढऱ्या कागदावर केली तर तीच नारिंगी आजारी दिसते, मग माणूस आणखी लाल लावतो, मग सावलीत निळा घालतो, आणि बघता बघता चेहऱ्याचा चिखल होतो. दोष खडूंचा नसतो, चित्र चुकीच्या जमिनीवर सुरू केलेलं असतं.

आणि ही जमीन बदलतेसुद्धा. त्याच संग्रहालयात देगाचं, दासी एका स्त्रीचे केस विंचरते आहे असं 1886 ते 1888च्या दरम्यानचं पेस्टल आहे. त्याचा कागद मुळात फिका हिरवा होता, काळाने तो उबदार करडा झालाय. म्हणजे आज पडद्यावर जो करडा दिसतो तो देगाने निवडलेला रंग नव्हे. हिरव्यावर रचलेली त्वचा आपण करड्यावर बघतो आहोत. नक्कल करणाऱ्याने एकदा करड्या आणि एकदा फिक्या हिरव्या कागदावर त्यातला खांद्याचा तुकडा करून बघावा. दोन तासांचं काम आहे. हिरवा खाली असताना गुलाबीला किती कमी जोर लागतो ते हाताला कळतं. संग्रहालयं पेस्टल मंद उजेडात, 50 लक्सच्या आसपास, टांगतात तेही कागद आणि रंग असे बदलू नयेत म्हणून.

देगाचा आणखी एक गुण उचलण्यासारखा: तो थरांच्या मध्ये फिक्सेटिव्ह मारायचा. एक थर, फवारा, त्यावर दुसऱ्या दिशेने दुसरा थर. खालचा रंग गोठलेला असल्यामुळे वरचा त्यात मिसळत नाही, त्याच्यावर बसतो. म्हणून त्याच्या उशिराच्या चित्रांत एका पाठीवर हिरव्या, केशरी, जांभळ्या रेघा जाळीसारख्या एकमेकींवर असतात आणि तरी चिखल होत नाही. शेवटचा थर मात्र फिक्स करण्याची घाई करू नये. पेस्टलची चमक येते ती कणांमधल्या हवेमुळे. उजेड त्या कणांवर विखुरतो. फिक्सेटिव्हने हवेची जागा राळेने भरली की रंग गडद होतात, आणि सगळ्यात आधी मरतात ते पांढरे आणि फिके पिवळे, कारण खडूची पांढरी भुकटी ओली झाल्यासारखी पारदर्शक होते. माउंटच्या कडेला सांडलेली ती भुकटी ह्या चमकेची किंमत आहे.

शार्दां ह्या अठराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराकडून शिकायचं ते वेगळं. आयुष्यभर तैलरंगात भांडीकुंडी आणि फळं रंगवणाऱ्या ह्या माणसाने, डोळ्यांनी दगा दिल्यावर, सत्तरी ओलांडून पेस्टल हातात घेतलं. त्याची 1771ची चष्म्यातली आणि 1775ची कपाळावर सावलीची झापड बांधलेली आत्मचित्रं लूव्रमध्ये आहेत. गालाकडे जवळून बघा. सुट्या तिरक्या रेघा: लालसर, शेजारी हिरवट, मधेच निळी. वीतभर अंतरावर हा गाल नाहीच, रंगांचं गवत आहे. दोन मीटरवर जिवंत म्हाताऱ्याची कातडी. हे जमतं कसं? त्या रेघांचा रंग वेगळा असला तरी गडदपणा जवळपास सारखा आहे. समान गडदपणाच्या रेघा डोळा एकत्र करून टाकतो. गडदपणात फरक पडला की त्याच रेघा झेब्र्याचे पट्टे होतात.

हे करून बघायला दहा मिनिटं पुरतात. एक निळा आणि एक केशरी खडू घ्या, साधारण सारखे उजळ. दोघांची एकेक पट्टी कागदावर ओढा आणि मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. दोन्ही पट्ट्या एकाच करड्या दिसल्या तर जोडी जमली. नाही दिसल्या तर दुसरा केशरी शोधा. मग पाच सेंटिमीटरच्या चौकटीत दोघांच्या तिरक्या रेघा, दोनतीन मिलिमीटर अंतराने, बोट न लावता. दोन मीटरवरून तिथे एक शांत, किंचित थरथरणारा करडा दिसतो. तोच करडा रंगपेटीतल्या तयार करड्या खडूने लावा आणि शेजारी ठेवा. तयार करडा मेलेला वाटेल.

सगळेच उस्ताद रेघा दाखवतात असं नाही. लिओतार नावाच्या जिनिव्हाच्या चित्रकाराला रेघा दिसणं म्हणजे गबाळेपणा वाटायचा. 1781 साली लिहिलेल्या ग्रंथात त्याने तसं बजावूनच ठेवलंय, की निसर्गात कुंचल्याचे फटकारे नसतात. त्याची चॉकलेटचा पेला घेऊन चाललेली दासी, 1744च्या सुमाराची, आज ड्रेस्डेनला आहे. ती चर्मपत्रावर केलेली आहे, आणि अंगावरच्या कपड्यापासून पेल्यापर्यंत एक रेघ सापडत नाही. ते बघून थक्क व्हावं, पण नवशिक्याने त्याच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रेघाच दिसल्या नाहीत तर क्रम वाचणार कसा? शिवाय बोटाने चोळून गुळगुळीत करण्याची जी वाईट सवय आपल्याकडे लवकर लागते, तिला लिओतारचं नाव मिळतं. रदों ह्या फ्रेंच चित्रकाराची फुलं त्या मानाने उपयोगी. बरीच वर्षं कोळशात काळं काम करून तो रंगाकडे वळला. त्याच्याकडे मागची जागा धूसर, पुसट असते आणि तिच्यात एखादंच फूल मऊ खडूच्या ताज्या, न चोळलेल्या फटकाऱ्याने उठून येतं. चोळायचं तर मागे आणि आधी. पुढे आणि शेवटी हात लावायचा नाही.

खडूचं काम म्हणजे कच्चं काम, असं अजून कोणी म्हणत असेल तर नॉर्वेच्या एडवर्ड मुंकच्या 'किंकाळी'ची 1895ची पेस्टलमधली आवृत्ती 2012 साली लिलावात सुमारे 12 कोटी डॉलरना गेली, एवढं सांगून विषय बदलावा.

आता नक्कल करायला बसू. पूर्ण चित्र घ्यायचं नाही. गायिकेच्या चित्रातला डोकं-खांद्याचा 15 बाय 15 सेंटिमीटरचा तुकडा, मूळ मापातच. माप महत्त्वाचं, कारण खडूची जाडी बदलत नाही. 60 सेंटिमीटरचं चित्र पोस्टकार्डाएवढं करायला गेलं की देगाचा एक सैल फटकारा तुमच्याकडे अख्खा गाल झाकतो, मग माणूस पेन्सिलीने बारीक कोरत बसतो आणि शिकायचं तेच निसटतं. संग्रहालयाच्या नोंदीत माप दिलेलं असतं. त्यावरून तुकडा खऱ्या आकारात छापून घ्यावा, किंवा लॅपटॉपच्या पडद्यावर फूटपट्टी लावून तेवढा मोठा करावा. मोबाइलवर नक्कल करू नये. पडदा आतून पेटलेला असतो, त्यामुळे सगळे रंग उजळ भासतात. छापील प्रत उलट थोडी मळकी येते. दोन्ही समोर ठेवल्या तर सत्य मधे कुठेतरी सापडतं.

कागद दाताचा हवा. कॅन्सनचा मि-तेंत हा 160 जीएसएमचा कागद सहज मिळतो. त्याची एक बाजू मधमाशीच्या पोळ्यासारख्या ठशाची, दुसरी बारीक दाण्याची. पोळ्याचा ठसा चेहऱ्यावर जाळी लावल्यासारखा दिसतो, म्हणून मागची बाजू वापरावी. नुसत्या सरावाला हार्डवेअरच्या दुकानातला बारीक वॉटर पेपर, 400 ते 600 नंबरचा, उत्तम चालतो. तो टिकाऊ नाही आणि नखं झिजवतो, इतकंच. घरी करायचं तर माउंटबोर्डच्या तुकड्यावर दोन मोठे चमचे जेसो (रंगाआधी द्यायचा पांढरा लेप), एक चमचा संगमरवराची बारीक पूड आणि एक चमचा पाणी, त्यात हवा तो अ‍ॅक्रिलिक रंग. चपट्या ब्रशने एक हात आडवा, सुकल्यावर दुसरा उभा. जेसो घट्ट राहिला तर ब्रशच्या केसांचे ओरखडे राहतात आणि मग आयुष्यभर तेच दिसतात. पावसाळ्यात दोन हातांच्या मध्ये पूर्ण एक दिवस सोडावा.

खडू नऊ ते बारा, जास्त नकोत. रंगांच्या नावाने न लावता गडदपणाने लावायचे, डावीकडे सगळ्यात गडद. महागडा खडू मोडायला जीव होत नाही, पण मोडायचाच. वरचा कागद सोलायचा, अडीच सेंटिमीटरचा तुकडा करायचा आणि तो आडवा धरून कुशीने लावायचा. पकड तीन बोटांत, सैल. पहिल्या वीस मिनिटांत फक्त चार टोन: गडद, मध्यम गडद, मध्यम, उजळ. मध्यमाच्या जागी कागदच राहू द्यायचा. ह्या टप्प्यावर डोळे किलकिले करून छापील प्रतीशी ताडून बघावं. इथे चूक राहिली तर पुढचे सुंदर रंग ती झाकत नाहीत, उलट उघडी पाडतात.

मग दुसरा थर, वेगळ्या दिशेने, पहिल्याला पूर्ण न झाकता. त्यावर तिसरा. साध्या कागदाला असे चारपाच थर पेलवतात. त्यानंतर दात भरतात, आणि ते कळतं कसं? खडू घसरायला लागतो, कागद चकचकीत दिसतो, आणि नवा रंग बसायच्या ऐवजी जुन्याला ढकलत पुढे जातो. अशा वेळी सगळे जण जोर वाढवतात. जोर वाढवला की उरलेले दातही दबतात. त्याऐवजी बोर्ड उभा धरायचा, कडक केसांच्या ब्रशने तेवढी जागा झटकायची, मग मळण्याच्या रबराचा गोळा दाबून उचलायचा, घासायचा नाही. त्यानंतरही गरज वाटली तर फिक्सेटिव्ह, 30 सेंटिमीटरवरून, हात सतत फिरता ठेवून, दोन पातळ फवारे, मधे दहा मिनिटं. एकाच जागी फवारा रोखला की थेंब धरतो आणि त्या थेंबाचा डाग उजळ रंगावर कायमचा बसतो. भुकटी फुंकायची नाही. ती आपल्याच नाकात जाते, आणि काही रंगांत कॅडमियम असतं. बोर्ड पुढे झुकवून टिचकी मारावी, खाली ओला फडका.

शेवटचे हात मोजून. मूळ चित्रात सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद जागा किती, ते आधी मोजावं. बहुधा दोन्ही मिळून दहाच्या आत भरतात. तेवढेच फटकारे मारायचे, प्रत्येक एकदाच. दुसऱ्यांदा त्याच जागी गेलात की ताजेपणा संपला.

नकलेत चूक झाली तर ती मूळ चित्राशेजारी ठेवून नाव द्यावं. 'जमलं नाही' हे नाव नव्हे. 'डाव्या गालात हिरवा उबदारच्या आधी पडायला हवा होता' हे नाव आहे. चिखल झाला असेल तर बहुतेक वेळा कारण एकच: दोन विरुद्ध रंग चोळून एकत्र केले. ओशाळलेला, पिठासारखा रंग झाला असेल तर उजळ करण्यासाठी प्रत्येक वेळी पांढरा घातलाय. उजळ पिवळा किंवा फिका गुलाबी घ्यायला हवा होता. सगळं एकाच गावचं वाटत असेल तर कडा एकसारख्या कापलेल्या आहेत.

देगाची चित्रं बघून कुणी काय घ्यावं, ह्याचा दाखला मेरी कसॅट ह्या अमेरिकन चित्रकर्तीचा. 1875 साली पॅरिसमधल्या एका दुकानाच्या खिडकीत त्याची पेस्टलं लागली होती आणि ती काचेला नाक लावून ती बघत राहायची, असं तिनेच पुढे सांगितलंय. तिने मैत्रिणीला गळ घालून एक 500 फ्रँकला विकत घ्यायला लावलं. पण स्वतः ती नर्तकी काढायला गेली नाही. आई आणि मूल हा तिचा विषय राहिला. तिने उचलली ती मोकळी रेघ, धीट कापलेली चौकट आणि कागद उघडा सोडण्याची हिंमत.

गोव्यात ह्या उचलण्याची गरज हिरव्याला लागते. जुलैत डिचोली-साखळीकडच्या शेतांचा हिरवा, त्यामागे माडांचा, त्यामागे डोंगराचा. तयार पेटीतला हिरवा खडू सरळ लावला की प्लास्टिकच्या बादलीसारखा दिसतो. इथे देगाची जमीन आठवावी. त्याच्या निळ्या कागदाच्या जागी आपण तांबडी माती घ्यायची. जेसोमध्ये बर्न्ट सिएना आणि चिमूटभर लाल मिसळून चिऱ्याच्या रंगाचा बोर्ड करावा, आणि हिरव्याच्या रेघांमधून तो तांबडा दिसू द्यावा. लालाच्या शेजारी हिरवा उठतो, आणि बांधावर, वाटेवर, पायरीवर जिथे खरोखर तांबडी माती उघडी आहे तिथे काही लावायचीच गरज उरत नाही. पणजीतल्या फोन्तेन्यासच्या पिवळ्या-निळ्या भिंतींना मात्र हा बोर्ड नको. तिथे फिका करडा-जांभळा घ्या, नाहीतर दुपारचा निळा तपकिरी होतो.

टोन शिकायला पेस्टलच बघितलं पाहिजे असंही नाही. सांग्याला जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घडलेले आंतोनियो शाविएर त्रिंदाद (1870–1935) यांच्या चित्रांचा संग्रह पणजीत फुंदासांव ओरिएंत ह्या संस्थेकडे आहे. त्यांची तैलरंगातली व्यक्तिचित्रं चार टोनांत पेन्सिलीने उतरवून बघावीत. चेहऱ्याचा अंधारातला भाग पार्श्वभूमीत कुठे हरवतो आणि पुन्हा कुठे सापडतो, हे खडू हातात घेण्याआधी कळलेलं बरं. वहीचं पान, 6बी पेन्सिल, एका चित्राला पंधरा मिनिटं. तिथे खडू काढू नयेत, भुकटी उडते आणि लोक रागावतात, बरोबरच आहे.

जिवंत चित्रकाराचं प्रदर्शन असेल आणि तो तिथे बसलेला असेल तर विचारावं. 'सुंदर आहे' एवढं ऐकून तो कंटाळलेला असतो. 'खंयचो कागद?' (कुठला कागद?) ह्या प्रश्नाने त्याचा चेहरा बदलतो. मग दुसरा प्रश्न, सुरुवात कुठून केली. तिसरा, इथे थांबावं असं कशावरून ठरवलं. घरी येऊन नक्कल केली तर ती घरातच ठेवावी. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याच्या कामावर स्वामित्वहक्क राहतो. देगाला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे तिथे अडचण नाही. पण तिथेही मागच्या बाजूला 'देगावरून' असं लिहायचं, पुढे आपली सही ठोकायची नाही.

मागच्या बाजूला आणखी लिहायचं ते क्रम: कागद कुठला, पहिला खडू कोणता, दुसरा कोणता, फिक्सेटिव्ह कितव्या थरानंतर, तारीख. ही टिपणं पावसाळ्यात मोलाची ठरतात, कारण जून ते सप्टेंबर आपल्याकडे कागद हवा पितो. दात मऊ पडतात, खडू चिकटून उतरतो, फिक्सेटिव्ह सुकता सुकत नाही, आणि मार्चमध्ये पाच थर घेणारा तोच कागद तीन थरांत संपतो. नक्कल बिघडली ती आपल्या हाताने की हवेने, हे तारखेवरून कळतं.

ठेवताना दोन चित्रांमध्ये ग्लासिन, नसेल तर ट्रेसिंग पेपर, आणि चित्र सरकणार नाही असं चारी बाजूंनी टेपने बोर्डला लावलेलं. सरकलं की पुसलं. फ्रेम करायची तर काच हवी. अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यावर स्थिर वीज साठते आणि ती भुकटी ओढून घेते. काच आणि कागद यांच्यात पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा, आणि फ्रेम चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर टांगायची नाही, तिथे पाठीमागून ओल येते. खडूंच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. मळलेले खडू कोरड्या कच्च्या तांदळात घालून हलके हलवले की वरची परकी भुकटी तांदूळ घेतो. तो तांदूळ पेजेला जाणार नाही एवढी काळजी घ्यावी.

चतुर्थी आटोपली आणि ऊन पडायला लागलं की फोल्डर उघडायचा. आधी पाठ बघायची, मग चित्र. डिंक असतो तिथे बुरशी येते, आणि ती गडद, सपाट जागांवर आधी दिसते, करड्या ठिपक्यांसारखी. ठिपके कोरडे होईपर्यंत चित्र सावलीत, वाऱ्यावर, उघडं ठेवायचं, नाकावर मास्क लावून मऊ कोरड्या ब्रशने एकेक ठिपका उचलायचा, ब्रश दर वेळी पुसून. दाबायचा नाही, नाहीतर तो खालच्या थरात जातो. मग जूनमध्ये केलेली ती नक्कल दोन मीटरवर उभी करून, मागचं टिपण न वाचता, आधी कोणता खडू पडला होता ते नुसतं बघून सांगता येतं का ते तपासायचं.